नंबरवर येणारं नाव

सारिकाला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा दुपारचे पेशंट अजून बाकांवर बसलेले होते. तिला गावाहून जीपमध्ये घालून आणलं होतं आणि वाटेत तिला झटके आले होते. डॉक्टर देशमाने मॅडमनी तिचं ब्लडप्रेशर पाहिलं, फाइल उघडली आणि मला विचारलं, की हिच्या लघवीचा रिपोर्ट परवाच आला होता ना, मग हिला कळवलं नव्हतं का. मी म्हटलं, दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा त्यांनी कट केला. मॅडम आत गेल्या.

बार्शीतल्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते. नंबर लावणं, फाइल काढणं आणि तपासणीची तारीख जवळ आली की बायकांना फोन करून आठवण देणं हे माझं काम. रस्त्याच्या खोदकामात दवाखान्याच्या फोनची केबल तुटली होती, ती कुणी जोडायला आलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळे फोन माझ्याच मोबाइलवरून करत होते.

सारिकाच्या सासूबाई, इंदूबाई, भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. मला त्यांचा राग आला होता. सुनेच्या जिवावर बेतलं आणि यांना दवाखान्याचा फोन उचलायला काय झालं होतं, असं मनात घेऊनच मी त्यांच्यापुढे गेले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी त्यांना विचारलं, की परवा संध्याकाळी माझा फोन कट का केलात.

त्यांनी वर पाहिलं. "कट केला. सुनेला आठवा महिना. तसल्या नावाचा फोन मी कसा घेऊ?"

मला वाटलं, त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय. मी म्हटलं, फोन दवाखान्यातून होता, मी इथूनच केला होता. त्या उठल्या. कनवटीला खोचलेला मोबाइल त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला.

"मला चौथीपर्यंत वाचता येतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याच नंबरवर येतंय ना हे? बघा."

अनोळखी नंबरवरून फोन आला की कुणाचा आहे ते नाव दाखवणारं एक अॅप असतं, ते त्यांच्या मुलानं त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. माझे दोन कॉल तिथं लाल बाणासह दिसत होते. दोन्ही कॉलपुढे लिहिलेलं होतं, ‘उज्वला वांझ’.

माझं नाव चुकीचं लिहिलेलं होतं, एक ज गाळलेला होता. पुढचा शब्द बरोबर होता.

मी फोन त्यांच्या हातात परत दिला. बाकावरच्या एका बाईनं मान खाली घातली. दुसरी छताकडं बघायला लागली. तेवढ्यावरून मला कळलं, की इंदूबाईंनी मला नवीन काही दाखवलेलं नाही. या बाकांवर बसणाऱ्या निम्म्याअधिक बायकांनी ते नाव केव्हाच वाचलेलं होतं. कित्येक महिने माझे फोन उचलले जात नव्हते आणि मी मॅडमना सांगत होते, की खेड्यातल्या बायका फोनला घाबरतात. ज्या उचलत होत्या त्या नाव वाचून उचलत होत्या, माझ्याशी ‘ताई’ म्हणून बोलत होत्या आणि फोन ठेवत होत्या. एकीनंही मला सांगितलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं.

त्या वेळी माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आम्हाला मूल नव्हतं.

सारिका वाचली. मुलगी झाली, फार लहान होती, तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. संध्याकाळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाकांवरच्या कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण त्यांनी मला काही विचारलं नाही. खुर्चीवर बसायला लावलं, चहा मागवला. मग म्हणाल्या, "उज्ज्वला, थोडे दिवस पेशंटना फोन तू करू नकोस. सिस्टर करतील."

त्या प्रेमानंच म्हणाल्या. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण चहाचा कप माझ्या हातात होता आणि तो मला खाली ठेवता येईना, कारण ठेवला असता तर वाजला असता.

घरी मी माझ्या मिस्टरांना सांगितलं. नागनाथ त्यांचं नाव, ते वीज मंडळात वायरमन आहेत, कमी बोलणारे. मी म्हटलं, माझ्या नंबरवर कुणीतरी वाईट नाव टाकलंय. त्यांनी विचारलं, काय नाव. मी सांगितलं नाही. त्यांनी एका सहकाऱ्याच्या फोनवरून स्वतः बघितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते कामावरून लवकर आले, हातपाय न धुता पायरीवर बसले आणि म्हणाले, "सोलापूरला जाऊन तक्रार करू." तो शब्द त्यांनीही उच्चारला नाही. पुढेही आमच्या घरात तो कुणी उच्चारला नाही, आणि त्यामुळं काय झालं ते पुढं येईलच.

घरात सासूबाई होत्या, आणि दोन गल्ल्या सोडून थोरले दीर आणि जाऊबाई राहत होत्या. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यात आधी मला जवळ केलं ते त्यांनी. मला दिवस जावेत म्हणून त्यांनी दोन वर्षं सोमवार धरले होते. पुण्याच्या डॉक्टरकडे मला घेऊन गेल्या त्याही त्याच, आणि परत येताना एसटीत मी रडले तेव्हा माझं डोकं आपल्या मांडीवर घेऊन बसल्या त्याही त्याच. त्यांचा धाकटा आजारी पडला की त्याला माझ्याकडे झोपायला पाठवायच्या. मला वाटायचं, माझ्या मायेचा उपयोग व्हावा म्हणून पाठवतात.

अक्कांना मी सांगितलं, की फोनवर माझ्या नावापुढे कुणीतरी घाणेरडं लिहिलंय. काय लिहिलंय ते सांगायला जीभ उचलेना. अक्कांनी फार खोदून विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "कुणाचं वाईट केलंस गं तू? ज्यानं केलं त्याचे हात झडतील." त्या दिवशी त्यांनी मला जेवल्याशिवाय घरी जाऊ दिलं नाही.

सोलापूरला सायबरच्या ऑफिसात वाघचौरे नावाचे फौजदार होते. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, काय नाव येतं. नागनाथ खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, लिहून देते. त्यांनी कागद दिला. मी लिहिलं आणि कागद उलटा करून पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला आणि तसाच उलटा ठेवला. एवढ्यासाठी मी त्या माणसाला अजून मानते.

मला वाटलं होतं, तक्रार दिली की ते कंपनीला विचारतील आणि कंपनी नाव सांगेल. ते इतकं सरळ नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं.

"ताई, इंटरनेटवर सगळ्यांना एकच नियम नसतो. जिथं एक जण लिहितो आणि बाकीचे वाचतात, त्यांना नियम वेगळा. एकाचा निरोप दुसऱ्याला नुसता पोचवतात, त्यांना वेगळा. शोधून देणारे वेगळे, लोकांचं सामान सांभाळून ठेवणारे वेगळे. तुमचं हे अॅप कशात बसतं ते आधी ठरायला पाहिजे. त्याच्यावर त्यांनी काय करायचं, किती करायचं, ते अवलंबून."

मी विचारलं, कोण ठरवणार. ते म्हणाले, पहिल्यांदा ते स्वतःच सांगतात आपण कोण आहोत ते. आपण त्याच्यावर भांडायचं.

कंपनीचं उत्तर यायला वेळ लागला. उत्तर आलं तेव्हा आम्ही पुन्हा सोलापूरला गेलो. या वेळी हे आत आलेच नाहीत, बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबले. उत्तर इंग्रजीत होतं. वाघचौरे साहेब एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेले. कंपनीचं म्हणणं होतं, आम्ही समाजमाध्यम नाही. आमच्याकडे कुणी काही लिहीत नाही, कुणी मत मांडत नाही, कुणी कुणाला उत्तर देत नाही. आम्ही फक्त नंबरापुढे नाव दाखवतो, जुन्या काळी टेलिफोनची डिरेक्टरी असायची तसं. हे नाव आमच्या एका वापरकर्त्याच्या खासगी संपर्कयादीतून आलेलं आहे. ते आम्ही काढून टाकलं आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

"म्हणजे कुणी लिहिलंच नाही असं म्हणतात का?" मी विचारलं.

"लिहिलंय. पण जगाला सांगायला नाही लिहिलं. स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःसाठी लिहिलं. आपण नाही का नंबर सेव्ह करत, तसं." त्यांनी चष्मा पुसला. "त्या माणसानं हे अॅप घेतलं, अॅपनं त्याची सगळी नावं उचलली. तुमच्या नंबराचं दुसरं नाव त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून तेच सगळ्यांना दाखवलं."

"सगळ्यांना दिसलं, तर मग ते खासगी कसं?"

"तोच वाद आहे ताई. मी लिहितो त्यांना, की तुम्ही डिरेक्टरी नाही, तुम्हालाही ते नियम लागतात. ते लिहितील, लागत नाहीत. मग कोर्टाकडून मागावं लागेल. वेळ जाईल, पण नाव मिळेल. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो." त्यांनी कंपनीचं उत्तर फाइलीत ठेवलं. "हा कुणी परका नाही. ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे, असाच कुणीतरी आहे."

बाहेर आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नाव गेलं ना, मग आता सोडून दे. मी म्हटलं, मला माणूस पाहिजे. त्यांनी रसाचा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सापडल्यावर काय करशील?" मी म्हटलं, त्याला समोर उभं करून विचारीन. त्यावर ते रसवाल्याला पैसे द्यायला वळले. मला त्यांचा संशय आला. अकरा वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाचा मला उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभ्या उभ्या संशय आला, आणि बसमध्ये त्यांच्या शेजारी बसूनही तो गेला नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. मी लोकांचे फोन बघायला लागले. हे अंघोळीला गेले की बाहेरच्या खोलीतून त्यांना फोन लावायचा आणि पळत जाऊन पडद्यावर काय येतं ते बघायचं. त्यांच्या फोनवर माझं नुसतं नाव होतं, नीट लिहिलेलं. सासूबाईंच्या साध्या फोनवर ‘धाकटी’ असं होतं. दवाखान्यात सिस्टर डबा खायला बसल्या की मी टेबलाखालून त्यांना मिस्ड कॉल द्यायचे. शेजारच्या वहिनींना, दूधवाल्याला, शाळेपासूनच्या मैत्रिणीला. बोलता बोलता त्यांच्या हातातल्या फोनकडे माझी नजर जायची. प्रत्येक वेळी काही निघालं नाही की मला सुटल्यासारखं वाटायचं आणि मग त्या माणसाच्या तोंडाकडे बघवायचं नाही. एकदा सासूबाईंनी मला त्यांचा फोन हातात घेतलेला पाहिला. म्हणाल्या, "काय बघतीस?" मी म्हटलं, चार्जिंग आहे का बघते. त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं. त्या दिवसापासून त्या फोन उशीखाली ठेवायला लागल्या.

अक्कांना मात्र मी एकदाही मिस्ड कॉल दिला नाही. ते मला सुचलंसुद्धा नाही.

पुढं चैत्रात अक्कांकडे हळदीकुंकू होतं. मी सकाळपासून त्यांच्याकडे होते. डाळ वाटली, पन्ह्याचा गूळ किसला, बायका बसतील तिथं सतरंजी घातली. अक्का साडी नेसून तयार झाल्या आणि इकडे तिकडे बघायला लागल्या. शेजारणींना बोलवायला फोन करायचा होता, फोन कुठं ठेवला ते आठवेना. मला म्हणाल्या, "जरा माझा फोन लाव गं. कुठं ठेवलाय कळंना."

मी लावला. रिंग आतल्या खोलीतून ऐकू आली. पलंगावर इस्त्रीच्या साड्यांची चळत होती, तिच्याखाली फोन होता. मी वरच्या साड्या उचलल्या.

पडद्यावर माझा फोटो होता. त्यांच्या धाकट्याच्या बारशाला काढलेला, त्यात तो माझ्या मांडीवर होता. फोटोखाली लिहिलेलं होतं, ‘उज्वला वांझ’.

फोन वाजत राहिला. मी माझ्या हातातला फोन बंद करायला हवा होता, ते मला सुचेना. अक्का बाहेरून म्हणाल्या, "सापडला का?" आणि मग आत आल्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, बघितला, बंद केला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. किती शोधला." त्या वळून जायला लागल्या.

"अक्का," मी म्हटलं, "हे काय लिहिलंय?"

"कुठं?"

"माझ्या नावापुढं."

त्यांनी पुन्हा फोन उघडला. त्यांना खरंच कळेना मी कशाबद्दल विचारतेय ते. मग नाव त्यांच्या नजरेस पडलं. म्हणाल्या, "अगं, ते होय. दोन उज्वला आहेत ना माझ्याकडे. एक ती शिलाईवाली, सुभाषनगरातली. सारखं चुकून तुझा फोन तिला लागायचा. म्हणून ओळखायला लिहिलं." त्यांनी मला यादी दाखवली. ‘उज्वला वांझ’च्या खाली ‘उज्वला शिलाई’ होतं.

मी पलंगावर बसले. मी म्हटलं, "दवाखान्यात सगळ्यांच्या फोनवर हेच येत होतं."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "तू तर म्हणालीस, घाण लिहिलंय."

"हेच होतं ते."

"हे?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कुणी चालचलनावर काही लिहिलं. मी मनात किती शिव्या घातल्या त्याला. हे काय…"

त्या पुढचं बोलल्या नाहीत. पण वाक्य कुठं चाललं होतं ते दोघींना कळलं होतं. हे काय घाण आहे, हे तर खरं आहे. त्यांच्या तोंडावर कपट नव्हतं. ते असतं तर मला काहीतरी करता आलं असतं. मी सोलापूरच्या बसमध्ये बसून मनाशी जे जे जुळवून ठेवलं होतं, ते त्या माणसाला बोलायचं होतं ज्यानं माझा द्वेष केला. माझ्यासाठी दोन वर्षं सोमवार धरणाऱ्या बाईसाठी माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं.

हळूहळू अक्कांच्या लक्षात यायला लागलं. थोरल्या मुलानं पुण्याहून येऊन त्यांच्या फोनमध्ये ते अॅप घातलं होतं, फसवणुकीचे फोन ओळखता यावेत म्हणून, ते त्यांनी स्वतःच सांगितलं. मग त्या माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "मी वाईट मनानं नाही गं लिहिलं. तुझी शपथ." मी म्हटलं, माहीत आहे. आणि मला खरंच माहीत होतं. कंपनीनं लिहिलेलंही खरं होतं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. अक्कांनी मला ज्या नावानं ओळखलं होतं तेवढंच, तसंच, बाहेर दिसलं होतं.

"पुसते," अक्का म्हणाल्या. त्यांनी नाव उघडलं आणि एकेक अक्षर मागून पुसत गेल्या. ‘उज्वला’पाशी त्या थांबल्या. बोट पडद्यावर तसंच धरून त्यांनी विचारलं, "मग काय लिहू?"

मी त्यांच्या बोटाकडे बघत होते.

"सांग ना. नुसतं उज्वला ठेवलं तर पुन्हा तिला लागेल."

त्या विचार करत होत्या. प्रामाणिकपणे, भुवया आखडून, माझ्याकडे बघून विचार करत होत्या आणि त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मला खरी लाज वाटली ती त्या वेळी. इंदूबाईंनी फोन दाखवला तेव्हा वाटली होती, कागद उलटा करून दिला तेव्हाही वाटली होती. पण ही निराळी होती, कारण मीही विचार करत होते आणि मलाही सुचत नव्हतं. बाहेर पहिल्या बायका आल्याचा आवाज आला. कुणीतरी हाक मारली. शेवटी मी म्हटलं, "दवाखाना लिहा."

"उज्वला दवाखाना," अक्का म्हणाल्या. त्यांनी ते सावकाश लिहिलं, मला दाखवलं. "हे बरं झालं. मला सुचलंच नसतं." त्यांनी माझे डोळे आपल्या पदरानं पुसले आणि म्हणाल्या, नागनाथ भावजींना काही सांगू नकोस, माझ्या जिवाला घोर लागेल. मी म्हटलं, नाही सांगत. मग आम्ही दोघी बाहेर गेलो. अक्कांनी हळदीकुंकू लावलं, मी मागून पन्हं दिलं.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच सोलापूरला गेले. ह्यांना सांगितलं, की साहेबांनी बोलावलंय. वाघचौरे साहेबांनी कंपनीला लिहिलेलं दुसरं पत्र मला दाखवलं. चार पानांचं होतं. त्यांनी त्यात बरंच लिहिलं होतं, की जे एका घरात लिहिलं गेलं ते हजार घरांत दाखवलं म्हणजे ते खासगी राहत नाही, आणि म्हणून तुम्ही नुसती डिरेक्टरी नाही. त्यांनी ते मला वाचून दाखवलं. माणसानं मनापासून केलेलं काम दिसत होतं. वाचून झाल्यावर मी म्हटलं, की मला तक्रार पुढं चालवायची नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. विचारलं, "कळलं का कोण ते?"

मी म्हटलं, नाही.

 मग त्यांनी पत्र बाजूला ठेवलं. म्हणाले, जबाब द्यावा लागेल, आणि मागे घेतानाही कारण लागतं. कागद ओढून त्यांनी तारीख घातली, माझं नाव घातलं, आणि पेन थांबवून विचारलं, "कारण काय लिहू?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले. पंखा फिरत होता.  मग ते म्हणाले, "बहुतेक लोक जे लिहितात तेच लिहितो मग."

त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती. ‘तक्रारदाराचे समाधान झाले आहे.’

मी ती वाचली आणि खाली सही केली.